‘ड’ची कमतरता

“राष्ट्राचे भवितव्य त्याच्या किशोरांच्या काळजात असते, आणि काळजाचे भवितव्य उन्हात!” असे उद्गार शालेय आरोग्य व सर्वांगीण उत्कर्ष कक्षाचे प्रमुख मालोजीराव साहेब यांनी १९७८ सालच्या मे महिन्यात एका परिषदेत काढले. टाळ्या झाल्या. टाळ्या ओसरल्यावर साहेबांनी शिपायाला जवळ बोलावले आणि हलक्या आवाजात सांगितले, “अरे, तो पडदा ओढ जरा. डोळ्यांवर ऊन येतंय.”

पडदा ओढला गेला आणि परिषद पुढे चालू झाली.

विषय गंभीर होता. मुंबईतल्या कुणा अभ्यासू डॉक्टरांनी फ्लॅटात वाढणाऱ्या, शाळेतून शिकवणीला आणि शिकवणीतून घरी जाणाऱ्या काही मुलामुलींचे रक्त तपासले होते. ज्यांच्या अंगात ड जीवनसत्त्व कमी होते, त्यांच्यातल्या काहींचा रक्तदाब वयाला न शोभण्याइतका चढा, रक्तात साखर अंमळ जास्त, आणि पोटावर चरबी मामलेदाराची, असे दिसून आले. डॉक्टर सावध माणूस. त्यांनी शेवटी लिहिले, ‘या दोहोंत काही संबंध असावा असे वाटते, परंतु अधिक अभ्यास व्हायला हवा.’

हे वाक्य मग टेबलाटेबलांवरून खाली उतरू लागले. पहिल्या टेबलावर ‘असे वाटते’ गळाले, कारण सरकारला वाटत नसते. दुसऱ्यावर ‘असावा’चे ‘आहे’ झाले. तिसऱ्या टेबलावरच्या गृहस्थांनी ‘अधिक अभ्यास’ मुलांनी करायचा आहे असे समजून तेवढा भाग शिक्षण खात्याकडे पाठवून दिला. चौथ्या टेबलावर परिपत्रक तयार झाले. पण ते एका स्टेन्सिलवर मावेना. काटकसरीचे दिवस होते. हेडक्लार्कने पाहिले, तर ‘जीवनसत्त्व’ हा शब्द अकरा वेळा आलेला. “हे सगळ्यांना ठाऊकच असतं,” असे म्हणून त्याने तो अकराही ठिकाणी छाटला. तरी दोन ओळी उरल्याच. ‘उन्हातान्हात हिंडणाऱ्या विद्यार्थ्यांना’ या लांबलचक शब्दांच्या जागी त्याने ‘उनाड विद्यार्थ्यांना’ असे सुटसुटीत केले आणि कागद वाचवल्याच्या समाधानात डबा उघडला.

ते परिपत्रक जूनमध्ये निघाले आणि दोनदा दुसऱ्याच उंबरवाडीला जाऊन, दसऱ्याच्या आदल्या दिवशी पळसदरीच्या अलीकडच्या आपल्या उंबरवाडीच्या हायस्कुलात पोचले. जिल्ह्याचे नाव तेव्हा कुलाबा होते. हेडमास्तर येसाजी ठोंबरे यांनी हात धुतले, चष्मा पुसला आणि परिपत्रक उघडले. एकतीस वर्षांच्या नोकरीत ठोंबरे गुरुजींनी एकही सरकारी कागद अनुत्तरित ठेवला नव्हता. परिपत्रक म्हणजे देवाची आज्ञा अशी त्यांची श्रद्धा होती; फरक इतकाच, की देव तीन प्रती मागत नाही.

‘आपल्या शाळेत ड ची कमतरता असल्याचे आढळून आले आहे,’ गुरुजी मोठ्याने वाचू लागले. समोर शाळेचा कारकून मोरूभाऊ पेन्सिल कानावर ठेवून उभा होता. ‘सबब पंधरा दिवसांचे आत दहावीच्या वर्गासाठी ड उपलब्ध करून देण्यात यावे. जे विद्यार्थी दिवसाचा बराच काळ बसून वाचन-लेखनात घालवितात, त्यांना ड प्राधान्याने द्यावे. उनाड विद्यार्थ्यांना ड ची आवश्यकता नाही. अहवाल तीन प्रतींत.’

गुरुजींनी कागद खाली ठेवला. मोरूभाऊने बोटांवर मोजायला सुरुवात केली.

“दहावी अ आहे,” तो म्हणाला. “दहावी ब आहे. दहावी क आहे.”

“ड?”

“ड नाय.”

गुरुजींनी परिपत्रक पुन्हा एकदा वाचले.

“काय बारीक नजर आहे बघ, मोरूभाऊ!” गुरुजी भारावून म्हणाले. “मुंबईत बसून त्यांना दिसलं, की उंबरवाडीत ड तुकडी नाही. आपण इथे एकतीस वर्षं बसलोय, आपल्याला दिसलं नाही.” मग त्यांच्यातला भाषाशिक्षक जागा झाला. “पण हे ‘यावे’ कसं? तुकडी स्त्रीलिंगी. ‘देण्यात यावी’ हवं.”

“सरकारात सगळं नपुंसकलिंगीच असतं, गुरुजी.”

हे पटण्यासारखे होते. दसऱ्याचे सोने लुटून झाल्यावर ड तुकडी स्थापन झाली.

आता परिपत्रकाप्रमाणे, बसून वाचणारी मुले ड मध्ये घालणे आले. अशी मुले तीन तुकड्यांत मिळून एकोणचाळीस निघाली: सतरा मुली, बावीस मुलगे. यादीत पहिले नाव शकूचे होते. शकू धाकलूची मुलगी. दहावी अ मध्ये पहिली येणारी, आणि घरी दिवा नसला तर चुलीच्या उजेडात भूमिती सोडवणारी. उलट, हिरूचा सदू वर्षभरात बारा दिवस शाळेत आला होता आणि त्यातले चार दिवस सुट्टी होती. तो निर्विवाद उनाड. त्याला ड ची आवश्यकता नव्हती. तो अ मध्ये राहिला. इतकेच नव्हे, तर वरची सगळी पोरे उठून गेल्यामुळे तो अ चा मॉनिटर झाला.

ड ला खोली नव्हती, बाके नव्हती, शिक्षकही मंजूर नव्हता. म्हणून ड तुकडी शाळेसमोरच्या मैदानात, फळा दगडांना टेकवून, उघड्यावर बसू लागली. गुरुजी स्वतः शिकवायला उभे राहिले. गुरुजींना ऊन सोसत नसे. त्यांनी एका हातात खडू आणि दुसऱ्या हातात काळी छत्री धरली.

तिसऱ्या दिवशी धाकलू आला. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेले, हातात विळा; तो भातकापणी टाकून आला होता.

“गुरुजी, माज्या पोरीनं चोरी केली का?”

“नाही रे, धाकलू. बस.”

“बसाया नाय आलो. अ मधून ब मधी टाकली असती तर आमी म्हनलो असतो, असंल बाबा, सणावाराचा अभ्यास राहिला असंल. येकदम ड? मानूस माडीवरनं पडला तरी मधल्या पायऱ्यांना आपटत पडतो!”

“तिला ड ची गरज आहे. वरून आलंय तसं.”

“आनि सदूला गरज नाय?”

“त्याला नाही. तो उनाड आहे. लिहिलंय इथे.”

धाकलूने कागदाकडे पाहिले. त्याला वाचता येत नव्हते, पण कागद खोटे बोलतो आहे हे कळायला वाचता यावे लागत नाही. “म्हंजे उनाडाला अ आनि वाचनारीला ड. बरं हाय. तमाशात निदान ढोलकी तरी असती.” तो विळा खांद्यावर टाकून वळला. “तुमाला ठावं हाय गुरुजी, माजा शबुद काय होता. पोर अ मधी हाय तंवर शाळा. खाली उतरली की शाळा बंद. तिचा मामा नागू रसायनीला कारखान्यात हाय, तो म्हनला होता दहावी झाली की नर्सच्या कोर्साला घालतो. त्याला मी आता काय तोंड दावू? उद्यापास्नं शकू येनार नाय.”

शकू दुसऱ्या दिवशी आली नाही. गुरुजींनी हजेरीपटावर तिच्या नावापुढे ‘ड मधून गैरहजर’ असे लिहिले. लिहिताना हात जड झाला. पण अक्षर सुवाच्य आले.

इकडे गावात ड चा दोन दिवसांत ढ झाला. या दोन अक्षरांत अंतर ते किती? एका गाठीचे. आणि अक्षराला गाठ मारण्याइतका रिकामा वेळ उंबरवाडीच्या पारावर नेहमीच असे. शकू ढ झाली. तिच्या बरोबरची, नेहमी ऐंशीच्या वर गुण मिळवणारी अडतीस पोरेही ढ झाली, आणि सदू गल्लीतून जाताना बायका आपल्या लेकरांना म्हणू लागल्या, “बघ, शिक त्याच्याकडनं. अ मधी हाय.”

शाळा सुटल्यावर पोरीला घरात ठेवायची कशाला, म्हणून धाकलूने दहिवलीचे एक स्थळ काढले. ते आणले मोतीबाईने, जी पंचक्रोशीतली लग्ने जमवी. मुलगा सातवीत तीनदा बसून तिन्ही वेळा उठला होता. मोतीबाई निरोप घेऊन आली ती पायरीवरच बसली.

“ते नाय म्हनतात, धाकलूदादा. पोरगी ढ हाय म्हनं. पुढची पिढी बिघडंल.”

“सातवी नापासाची पिढी?” शकूची आई अंबाबाई आतून ओरडली. “आनखी किती बिघडायची हाय गं ती?”

धाकलूच्या वर्मी घाव बसला. पोरगी शाळेतूनही गेली आणि मांडवातूनही. त्या संध्याकाळी गुरुजी मुद्दाम त्याच्या शेतावरून घरी निघाले. शकू खळ्यावर भाताच्या पेंढ्या झोडत होती. घामाने केस कपाळाला चिकटलेले, अंगभर तूस. गुरुजींना पाहून तिने पेंढी खाली ठेवली.

“गुरुजी, वर्तुळाच्या त्या प्रमेयाचं पुढं काय झालं?”

“सिद्ध झालं,” गुरुजी छत्रीच्या सावलीतून म्हणाले.

“बाबा म्हनतात, परत अ मधी घेतलं तर धाडतो.”

“अ मध्ये घेता येत नाही गं. तू फार वाचतेस.”

“मग वाचायचं सोडू?”

“मग नापास होशील.”

“नापास झाले तर अ मधी घ्याल?”

गुरुजींनी प्रश्नाचा प्रामाणिकपणे विचार केला. परिपत्रकाच्या चौकटीत ते बसत होते. “तसं करता येईल,” ते म्हणाले, आणि आपल्याच तोंडून निघालेले वाक्य ऐकून एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना परिपत्रकाचा संशय आला.

शकू हसली नाही. “मार्चात परीक्षा हाय, गुरुजी,” एवढेच म्हणाली आणि तिने पेंढी उचलली.

गुरुजींनी त्याच आठवड्यात कक्षाला पत्र लिहिले. विषय: ‘ड मधील विद्यार्थिनी ढ नसल्याबाबत दाखला मिळणेविषयी.’ उत्तर आले: ‘आपल्या पत्रातील ड आणि ढ यांमधील फरक तीन प्रतींत स्पष्ट करावा.’ गुरुजींनी तो आकृत्या काढून स्पष्ट केला. त्यावर उत्तर आले, की कक्षाच्या टंकलेखन यंत्राला ढ ची कळ नसल्याने सदर प्रकरणी निर्णय घेता येत नाही. तथापि ड ची अंमलबजावणी पाहण्यास मा. प्रमुख साहेब स्वतः येत आहेत.

डिसेंबरात साहेब आले. जीप फाटकात थांबली आणि साहेब उतरले. फाटकापासून कचेरीपर्यंत चाळीस पावले होती. साहेब मध्ये दोनदा थांबले. बरोबर कक्षाची नवी डॉक्टर होती, जया नावाची, हातात रक्तदाब मोजायचे यंत्र आणि काचेच्या नळ्यांची पेटी.

अहवालाच्या तिन्ही प्रतींत ड चा आकडा एकोणचाळीस लिहिला गेला होता, आणि तो खोटा पडू नये म्हणून गुरुजी सकाळीच शकूला शेतावरून घेऊन आले होते. “आजच्या दिवस,” त्यांनी धाकलूला हात जोडले होते. धाकलूही मागोमाग आला होता. मोठा साहेब येतोय, तर त्याच्याकडून पोरगी ढ नसल्याचे लिहूनच घ्यायचे, असा त्याचा बेत होता.

“ड दिलंत?” साहेबांनी खुर्चीत टेकत विचारले.

“दिलं, साहेब. दसरा झाल्या झाल्या.”

“कशातून?”

“अ, ब आणि क मधून थोडं थोडं काढलं.”

डॉक्टर जयाने मान वर केली. “अ, ब, क मधून ड काढता येत नाही, साहेब.”

“ग्रामीण भागात काढत असतील,” साहेब म्हणाले. “एकूण किती भरलं?”

“एकोणचाळीस, साहेब.”

“एकोणचाळीस काय? मिलिग्रॅम?”

“नाही, साहेब. सतरा मुली, बावीस मुलगे.”

मोरूभाऊने कानावरची पेन्सिल काढून दुसऱ्या कानावर ठेवली. जयाने परिपत्रक मागून घेतले, वाचले, आणि खिडकीतून मैदानाकडे पाहिले. तिथे एकोणचाळीस मुले उन्हात मांडी घालून ओळीने बसली होती.

“साहेब,” ती म्हणाली, “यात जीवनसत्त्व हा शब्दच नाही. यांनी तुकडी काढली.”

तेव्हा कुठे येसाजी ठोंबऱ्यांना कळले, की ड हे एक जीवनसत्त्व असते, ते उन्हातून मिळते, आणि आपण एका हुशार पोरीचे वर्ष एका गाळलेल्या शब्दापायी घालवत आणले आहे. “चूक झाली, साहेब. आजच मोडतो तुकडी. मुलगी अ मध्ये—”

“थांबा,” साहेब म्हणाले. साहेब भराभर विचार करीत होते. हेच परिपत्रक तीनशे शाळांत गेले होते. चूक एका शाळेची असेल तर ती चूक. कक्षाची असेल तर ते धोरण. “मोडायचं काही कारण नाही. तुम्ही मुलांना उघड्यावर बसवलंत ना? मग हीच योजना. थेट तुकडी पद्धत.”

जयाने मुलांची तपासणी केली. नाडी पाहिली, दाब मोजला, बोटातून रक्ताचा थेंब घेतला. “ठणठणीत आहेत सगळी. दोन-दोन कोस चालत येतात, शेतात राबतात. काळजं बैलासारखी आहेत. पण अ मधल्या पोरांचीही तशीच आहेत, साहेब.”

“अ चा उल्लेख नको.”

“आणि ही तर—” जयाने शकूचा दंड यंत्राच्या पट्ट्यातून सोडवला. “हिला रोज किती ऊन मिळतं?”

“ही गैरहजर असते,” गुरुजी खाली मान घालून म्हणाले.

“मी शेतात असते,” शकू म्हणाली.

यंत्र उघडलेच होते, म्हणून जयाने साहेबांचाही दाब मोजला. पारा वर चढला, आणखी चढला, आणि वरच रेंगाळला.

“साहेब, उन्हात शेवटचं कधी चाललात?”

“बावन्न साली,” साहेबांनी आठवून सांगितले. “मोटार बंद पडली होती.”

“रोज सकाळी अर्धा तास चालायला हवं.”

“मला वेळ कुठे आहे, डॉक्टर? माझ्याकडे उन्हाची योजना आहे.”

साहेब जीपकडे निघाले तेव्हा धाकलू आडवा आला. “सायेब, माजी पोर ढ नाय असं लिवून द्या.”

साहेबांना यातले काही कळले नाही, पण लिहून देणे त्यांना नेहमीच सोपे जाई. त्यांनी बोनेटवर कागद ठेवला आणि लिहिले: ‘सदर विद्यार्थिनीमध्ये ड भरपूर असून ती इतरांस आदर्श आहे.’ खाली गोल शिक्का.

“पण रक्ताचा निकाल अजून यायचाय,” जया म्हणाली.

“येईल ना. याच्यासारखाच येईल.”

धाकलूने कागद गुरुजींपुढे धरला. “ह्यात ढ नाय ना कुठं?”

“नाही,” गुरुजी म्हणाले. “कुठेच नाही.”

शकू दुसऱ्या दिवशी शाळेत आली. बुडालेला दीड महिना भरून काढायला तिच्याकडे तीन महिने होते. इथे ही गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण कागद फिरला. धाकलूने तो चौकटीत घालून ओटीवर लावला. आदर्श, भरपूर आणि गोल शिक्का, या तीन गोष्टी एका कागदावर पंचक्रोशीत पूर्वी कुणी पाहिल्या नव्हत्या. जे काल ढ म्हणत होते ते आज आपापल्या पोरांना हाताला धरून शाळेत आले. “आमचाबी घाला ड मधी.” कोण पाटलाची चिठ्ठी आणू लागले, कोण अंडी. संक्रांतीपर्यंत ब आणि क ओस पडले. अ मध्ये एकटा सदू उरला आणि तो आपल्या एकट्याचीच हजेरी घेऊ लागला. शेवटी त्याचा बाप हिरूही आला.

“गुरुजी, माज्या पोरानं असं काय पाप केलं, की त्याला अ मधी ठेवलाय?”

मोतीबाई दहिवलीचा नवा निरोप घेऊन आली. स्थळ आता तयार होते. धाकलू म्हणाला, “त्यांना सांग, पोरगी ड मधी हाय. सातवीवाल्याला आमी दारात उबं करत नाय.”

रक्ताचा निकाल आला. सगळ्या मुलांत ड पुरेसे होते आणि सर्वांत जास्त शकूमध्ये, म्हणजे ड तुकडीत जी फारशी बसलीच नव्हती तिच्यात. ही तफावत जयाने लाल शाईने अधोरेखित केली. साहेबांनी ती तळटीप म्हणून स्वीकारली आणि तळटीप छापताना जागेअभावी गळाली. अहवालाचे शीर्षक होते: ‘उंबरवाडी प्रयोग: उज्ज्वल यश.’

यशाला सरकारात एकच बक्षीस असते. इमारत.

‘एवढी मौल्यवान तुकडी उघड्यावर बसते ही शोचनीय बाब आहे,’ असा शेरा आला आणि मागोमाग सिमेंट आले. साहेबांची बढती फेब्रुवारीअखेर होती, म्हणून इमारतीने इतिहासात प्रथमच घाई केली. सात आठवड्यांत मैदानाच्या मधोमध ड भवन उभे राहिले. जाड भिंती, वर स्लॅब, पुढे एक दार. खिडक्या नव्हत्या, खिडक्यांचा प्रस्ताव स्वतंत्र होता आणि तो दुसऱ्या खात्याकडे होता. आत सहा ट्यूबलाइट बसवले होते, वीज मंजूर झाली होती, फक्त आली नव्हती. वर सूचना: ‘यापुढे ड केवळ ड भवनातच देण्यात यावे. उघड्यावर दिलेले ड ग्राह्य धरले जाणार नाही.’

दहावीची परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती. पहिल्या दिवशी भवनात सव्वाशे मुले शिरली. गुरुजींनी फळ्यावर एक त्रिकोण काढला. मागून शकूचा आवाज आला, “गुरुजी, तिसरी बाजू काढली का?” गुरुजींनी फळ्याला नाक लावून पाहिले. त्यांनाही सांगता येईना.

उद्घाटन फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी, भर दुपारी बारा वाजता झाले. बाहेर ऊन असे, की डोंगराची कडा थरथरत दिसावी. आत गारवा होता. तिथे कोण नव्हते? पाटील होते, सोसायटीचे चेअरमन होते, कर्जतचे दोन व्यापारी होते, आणि असल्या गोष्टी ऐकून मान हलवत हसणारी चार शहाणी माणसेही होती; ती पहिल्या रांगेत, भिंतीच्या गारव्याला बसली होती. तुम्हीआम्ही असतो तर तिथेच बसलो असतो. बाहेर उन्हात कुणीच थांबले नव्हते. धाकलूला ‘आदर्श ड-पालक’ म्हणून साहेबांच्या शेजारची खुर्ची मिळाली होती. जन्मात पहिल्यांदा तो भर दुपारी सावलीत बसला होता, आणि तेही खुर्चीवर.

साहेब भाषणाला उठले. कागद दिसेना, म्हणून मोरूभाऊने शेजारी उभे राहून बॅटरी धरली. “राष्ट्राचे भवितव्य,” साहेबांनी बॅटरीच्या उजेडात वाचले, “त्याच्या किशोरांच्या काळजात असते, आणि काळजाचे भवितव्य उन्हात!”

अंधारातून टाळ्या आल्या.

“या योजनेची आदर्श विद्यार्थिनी कुठे आहे?” साहेब म्हणाले. “पुढे ये, बाळ. आज शासन प्रसन्न आहे. काय हवं ते माग.”

शकू चाचपडत पुढे आली. मोरूभाऊने बॅटरी तिच्यावर धरली. तिच्या हातात भूमितीची वही होती.

“सायेब, आमाला भाईर बसू द्या ना,” ती म्हणाली. “इथं फळा दिसत नाय.”

कुणीतरी खाकरले. साहेबांनी ही विनंती परिपत्रकात बसते का, याचा मनात शोध घेतला, बसत नव्हती. “त्यासाठी खिडक्यांचा प्रस्ताव—” त्यांनी सुरुवात केली.

येसाजी ठोंबरे उठले. नोकरीचे अकरा महिने उरले होते. ते दाराशी गेले आणि त्यांनी दार सताड उघडले. दारातून उन्हाचा मोठा पट्टा आत आला आणि थेट पहिल्या रांगेवर पडला. सगळ्यांनी हाताने डोळे झाकले. साहेबांनी झाकले, पाटलांनी झाकले, शहाण्या माणसांनी झाकले. मग साहेबांच्या शेजारच्या खुर्चीतून धाकलूचा आवाज आला.

“गुरुजी, तेवढं दार लोटा की. डोळ्यांवर ऊन येतंय.”

गुरुजींनी त्याच्याकडे पाहिले, मग शकूकडे पाहिले. ती वही छातीशी धरून त्यांच्या अंगावरून केव्हाच बाहेर गेली होती. तिच्यामागून आणखी चार-पाच पोरे सटकली. गुरुजींनी टेबलावरचा खडू उचलला, कोपऱ्यातली छत्री घेतली, उंबरा ओलांडला, आणि धाकलूच्या विनंतीला मान देऊन दार लोटून घेतले. बाहेरून.

जुना फळा अजून दगडांना टेकून उभा होता. शकूने त्याच्यापुढे मांडी घातली आणि वही उघडली. एकतीस वर्षांत गुरुजींनी पहिल्यांदा सरकारी सूचना मोडली होती आणि आतून अजून कुणी बोलवायला आले नव्हते. ते शकूशेजारी ताठ उभे राहिले, घसा साफ केला, सवयीने छत्री उघडली, आणि गंभीर आवाजात म्हणाले, “हं. त्रिकोणाची तिसरी बाजू.”

“गुरुजी,” शकू मान वर न करता म्हणाली, “तेवढी छत्री मिटा ना. वहीवर सावली पडते.”